डाव्या हातावरच्या खुणा

पाल्मिरा, ११ मार्च

प्रिय आम्पारो,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझा गुडघा बरा आहे हे वाचलं, चांगलं झालं. इथे सगळं जागच्या जागी आहे. आपली आई गेल्यानंतरची नवव्या दिवसाची प्रार्थना झाली त्याच दिवशी तिची खोली झाडून घेतली.

तू दोन प्रश्न विचारलेस. सोप्याचं उत्तर आधी देते.

दंडांची लोंबती कातडी काढायच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतलीच आहेस, तर ऐक. व्रण काखेपासून कोपरापर्यंत येतो आणि तो राहतो. सहा दिवस नळ्या, सहा आठवडे घट्ट बाह्या, महिनाभर हात खांद्याच्या वर जात नाहीत. माझे उजव्या काखेतले टाके उसवले, पू झाला. मालीश करणारी युर्लेदी म्हणायची, कुरकुर करू नका बाई, दंड बघा, पंचविशीतले झालेत. झालेत खरे. फळ्यावर लिहिताना ते लोंबायचे म्हणून पोरं मला वटवाघूळ म्हणायची. आता म्हणायला पोरंच नाहीत.

त्या महिन्यात माझे केस आईने विंचरले. सत्त्याऐंशीव्या वर्षी, खुर्चीच्या पाठीला टेकून. "चालत होते की हात तुझे," म्हणायची. "आणखी काय हवं होतं त्यांच्याकडून?"

एक गोष्ट संमतीच्या कागदावर लिहिली होती, ती मी वाचली नाही. प्रश्न दोनदा वाचा, असं चौतीस वर्षं पोरांना बजावलं आणि स्वतः सही करून मोकळी झाले. आतल्या बाजूची नस दुखावू शकते. माझी डावीकडची दुखावली. कोपरापासून मनगटापर्यंत आतून हात बधिर आहे. परवा मक्याच्या भाकऱ्या, आरेपा, भाजताना तव्याला टेकला, तर आधी कातडी जळाल्याचा वास आला. डॉक्टर म्हणतात, दीड वर्ष वाट बघा. चौदा महिने झाले.

आता दुसरा प्रश्न. शेवटी आईने हात दाबला का, काही खूण केली का. फोनवर मी म्हटलं होतं, शांत गेली.

दुपारचे तीन वाजले होते. मी तिच्या उशाशी बसले होते. तिचा हात माझ्या डाव्या हातावर होता, मनगटाच्या जरा वर, चर्चला जाताना धरायची तिथेच. मी डोळे मिटून जपमाळ ओढत होते. माळ संपली, डोळे उघडले, तर श्वास थांबला होता. कधी, ते मला माहीत नाही. तिची बोटं सोडवली, तर खाली नखांच्या चार खुणा होत्या. एकीतून रक्त आलं होतं.

तेव्हा हो, दाबला. जोरात दाबला. मला कळलं नाही.

खुणा चार दिवस राहिल्या. शेजारच्या ग्रासिएलाने विचारलं, मी मांजराने ओरबाडलं म्हणून सांगितलं.

माझ्यासाठी तारीख मोडू नकोस. फक्त कागद दोनदा वाच. आणि येशील तेव्हा माझा उजवा हात धर.

तुझी
नोहेमी