सन्माननीय भागधारक

अण्णा,

जय भीम. पाकिटावर पत्ता काय घालू, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहणार.

तू ज्यांच्या जहाजावर चादरी धूत होतास, त्याच कंपनीचे शेअर मी घेतलेत. शिव्या द्यायच्या तर दे. आमच्या बेळगावच्या ऑफिसात सगळे म्हणाले, लोक पुन्हा सहलींना जायला लागलेत, जहाजं भरून चाललीत. शेअर चढलेतही.

कोरोनानं तू जहाजावरच गेलास आणि त्यांनी तुला समुद्रात सोडलं. नेमकं कुठं, हे विचारत निपाणीहून किती पत्रं धाडली! एकाचंही उत्तर आलं नाही. शेअर घेतले आणि लगेच मेल आला, 'सन्माननीय भागधारक, सहलीवर आपल्याला खास सवलत.'

आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे तू आता मालकीण झालीस न्हवं? मग इचार की त्यास्नी, माझ्या भीमरत्नाला कुठं सोडलं."

विचारलं. त्याच दिवशी उत्तर आलं. जहाज थांबतं त्या बंदरांचा रंगीत नकाशा, आणि खाली 'शुभ प्रवास'.

आईनं तो छापून घ्यायला लावला. रोज सकाळी ती निळ्या रंगावर हात ठेवते आणि विचारते, "हितं असंल व्हय गं?"

रोज तिचा हात वेगळ्या जागी असतो. रोज मी व्हय म्हणते.

तुझी,
पारमिता