अण्णांच्या बंडीतला मोबाईल

तीर्थरूप सिंधुअक्का,

उदगीरहून धाकट्या सिद्धेश्वरचा दुखऱ्या गुडघ्यांसकट नमस्कार. नांदेडला तुझी शुगर आणि भाऊजींचा खोकला आटोक्यात असतील असं धरून चालतो. इथं सगळे ठीक आहेत, अण्णा सोडून.

महिनाभर अण्णा रोज दुपारी गुपचूप निघून जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. कुठं गेला होता विचारलं की माझ्याकडं परक्यासारखं बघायचे. (मी त्यांचा मुलगा आहे हे ते आता दिवसाआड विसरतात.) शेवटी आमच्या रुद्रेशनं त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात मोबाईल ठेवून खिसा शिवून टाकला. त्याचं म्हणणं, मोबाईल आकाशातल्या चार-पाच उपग्रहांचे इशारे ऐकतो, कोणता किती वेळात पोचला ते पाहून आपली जागा काढतो. पत्र्याखाली गेला की टॉवरवरून अंदाज बांधतो. पहिल्या दिवशी अंदाजाचं वर्तुळ असं आलं की त्यात अर्धं उदगीर मावलं. दुसऱ्या दिवशी मात्र स्वच्छ ठिपका दिसला, आणि तो भालकीच्या रस्त्यानं कर्नाटकात निघाला होता. आम्ही बापलेक मोटारसायकलवर मागं. (माझे गुडघे आठव.) ठिपका एका धाब्यावर थांबला. तिथं हरभऱ्याचा टेम्पो होता आणि मडिवाळप्पा नावाचा ड्रायव्हर अण्णांच्या बंडीनं काच पुसत होता. उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यावर पडलेली सापडली म्हणाला. उकाड्यानं अण्णांनीच काढून टाकली असणार. उपग्रहांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी बंडी बरोबर शोधली होती.

परतलो तर अण्णा कन्याशाळेच्या फाटकासमोर उघड्या अंगानं बसलेले. महिनाभर रोज इथंच येतात, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं. (त्याला उपग्रह लागले नाहीत.) मी हात धरला तर अण्णा म्हणाले, "थांब की जरा. आमच्या सिंधीची शाळा सुटायलीय."

सगळ्या मुली गेल्या, फाटक बंद झालं, तरी उठेनात. मला भर रस्त्यात रडू आलं.

तुझा,
सिद्धेश्वर

ता. क. तसं काळजीचं काही नाही. एवढ्यासाठी धावत यायची गरज नाही.

आणखी ता. क. वरची ओळ खोटी आहे. आईच्या पुण्यतिथीला मी तुला नको ते बोललो आणि दोन वर्षं तू माहेरी आली नाहीस. माझं चुकलं. शुक्रवारी ये, पण घरी येऊ नकोस, थेट शाळेत जा. मुख्याध्यापकबाईंशी बोललोय. अण्णा ओळखतील का, सांगता येत नाही. पाच वाजता शाळा सुटली की मुलींबरोबर तू फाटकातून बाहेर ये. तुला घरी अण्णा आणतील.