एकोणतीस फेब्रुवारीच्या ओळी

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त संगणक अभियंता, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहिते. गुडघे गेलेत, अक्कल जागेवर आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक भाचीला. धाकट्या भावाला काही नाही. आई सहा वर्षे अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याला सवड नव्हती. आता वारशासाठीही त्याने ती काढू नये.

२. मल्टिमीटर व स्क्रूड्रायव्हरचा संच कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवालीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तिला तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही.

३. पस्तिशीत मी संगणक बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी शाळांच्या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिचा सोर्स कोड, म्हणजे यंत्राने काय करायचे ते सांगणाऱ्या माझ्या मूळ ओळी, कपाटातल्या टेपांवर आहे. कारखाना बंद पडला तेव्हा "ही रद्दी तुम्हालाच लखलाभ, बाई," म्हणत आमच्या मालक साहेबांनी सारे हक्क मला लिहून दिले. पत्र सोबत जोडले आहे. तो कोड मी सर्वांना खुला करते. कोणीही वाचावा, वापरावा, वाटल्यास हसावे. अट एकच : एकही ओळ, एकही शेरा गाळायचा नाही.

४. याचे कारण. विक्रीच्या सोळा दिवस आधी आमच्या तपासनीसाने कोडमधल्या माझ्या तारीख मोजणाऱ्या ओळींशेजारी शेरा टाइप केला : "लीप वर्ष धरलेलं नाही. विकू नये." मी वाचला. साहेबांनीही वाचला. "माल जाऊ दे, मग बघू," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. एकोणतीस फेब्रुवारीला दोनशे शाळांची गुणपत्रके पुसली गेली. साहेबांनी सगळ्यांदेखत तपासनीसाला विचारले, "तपासलं होतंस का नीट?" त्याने माझ्याकडे पाहिले. माझी बढती तोंडावर होती. मी पेन्सिलीला टोक करत बसले. त्याची नोकरी गेली, मला बढती मिळाली. पुन्हा कोणी त्याला संगणकाला हात लावू दिला नाही.

५. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले. तो शिलाई यंत्रे दुरुस्त करतो. सगळे सांगून माफी मागितली. "फार उशीर केलात, बाई," एवढेच म्हणाला. माफ केले नाही. करायलाच हवे असेही नाही. मग चष्मा पुसत विचारले, "शेऱ्याखाली माझं नाव आहे ना अजून?" आहे.

६. कोड शेऱ्यासकट खुला होणार ही बातमी साहेबांच्या मुलाला लागली. तो परवा आला. "मावशी, गेलेल्या माणसाचं नाव कशाला मातीत घालता? तेवढा शेरा काढा, मग खुशाल वाटा."

"नाव माझंही जाणार आहे," मी म्हटले. "चहा घे."

घेतला नाही. तुम्ही डोळे मिटलेत की भाचीवर दावा लावीन, असे बजावून गेला.

७. म्हणून डोळे मिटेपर्यंत थांबण्याचा बेत मी रद्द केला आहे. आज सकाळी अकरा वाजता, माझ्या जबाबदारीवर आणि माझ्या सहीने, सारा कोड शेऱ्यांसकट मी इंटरनेटवर जगापुढे ठेवला. कलम तीनवर ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने भाचीला छळू नये. मी जिवंत आहे. घरी या.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : ९ मार्च

सही : (मृत्युपत्र करणार)

आमच्यासमोर, शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय सही केली :
साक्षीदार १ : सही (डॉक्टर)
साक्षीदार २ : सही (तपासनीस)