हिरवळीवरचं न संपणारं बारसं

३ मार्च
सकाळी पाणी, मग गवत कापायचं मशीन, मग कडा कात्रीने. आपलंच अंगण, पण चालायचं कडेकडेने. मधे पाऊल उमटलं की मंदार ओरडतो. मंदार म्हणजे सिरीयलवाल्यांचा माणूस. सतीशने पुढची बाजू शूटिंगला दिल्यापासून आम्ही दोघं मागच्या दोन खोल्यांत. बोरिवलीत बंगला म्हणून नातेवाईक जळतात. या म्हणावं राहायला.

५ मार्च
कुडाळहून भाऊचा फोन. आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालंसुद्धा, आता अंथरुणात. मी निघते म्हटलं. स. म्हणाला, "अगं, बारशाचा सीन आटपू दे ना. लॉन मिसेस बघते, असा शब्द दिलाय मी." शब्द ह्याचा, राबायचं मी.

६ मार्च
मंदारला विचारलं, बारसं कधी संपणार रे?
"काकी, अजून बाळाचं नावच ठरलं नाहीये."
गोष्टीत एकच दुपार चाललीय. म्हणून गवत रोज तेवढंच, तसंच हिरवं दिसायला हवं. कंटिन्यूइटी म्हणे. गवताला हे कोण सांगणार? पाणी घातलं की वाढतं, एक दिवस चुकवलं की पिवळं पडतं.

९ मार्च
स.ला म्हटलं, तू काप, मी आईला बघून येते. कापलं त्याने. पाळण्याशेजारी हे एवढं टक्कल! त्यावर हिरवा रंग मारून शूटिंग केलं. वर म्हणतो, "बघ, तुझ्याशिवाय होत नाही." कौतुकाने म्हणाला. मला रडू आलं. बॅग परत माळ्यावर.

११ मार्च
आईशी बोलले. पडल्या पडल्या रोज सिरीयल बघते, मी दिसेन म्हणून. "तुझा घर दिसला, गवात दिसला. तू खंय दिसलंस नाय गो."
मी कॅमेऱ्याच्या मागे असते म्हटलं. खोटं. मागच्या खोलीत असते, शॉट चालू असला की कुकरही लावत नाही.

१२ मार्च
आईने दिलेली जांभळी साडी धुतली. मागे ऊन येत नाही, पुढे कुंपणावर टाकली आणि विसरले. विसरले असंच सगळ्यांना सांगितलंय.
संध्याकाळी मंदार धावत आला. साडी शॉटमध्ये आलीय! मला वाटलं काढायला सांगेल. तर म्हणे, "काकी प्लीज, आता बारसं होईपर्यंत हलवू नका. वाट लागेल माझी."
झालं. आता साडीही अडकली.

१७ मार्च
तो एपिसोड आज लागला. आईचा लगेच फोन.
"साडी दिसली. वळाखलंय मी." मग म्हणाली, "सुकली असतली गो आता. नेस आनी ये."


१८ मार्च
आज मशीन बाहेर काढलं नाही. साडी काढली. उन्हाने पार कडक झालीय, एका बाजूने रंगही उडालाय. नेसलेय. बॅग भरलीय.
बाहेर लाइट लागले. स. दोनदा डोकावून गेला, "अगं, गवत?" मंदारच्या हाका चालू आहेत, काकी, काकी, साडी कुठेय?
फाटक समोर दिसतंय, मधे हिरवळ. कडेने गेलं तर लांब पडतं.