सहा नंबरवाल्याचं मशीन

७ जानेवारी, रविवार

फसलो. आणि फसवलं ते घरच्याच माणसाने.

लेकीच्या सासरी जेवायला गेलो होतो. व्याह्यांनी नवं घर घेतलंय, पंचवीस फेब्रुवारीला राहायला जाणार. दारावर कोरलेली लाकडी पाटी हवी म्हणाले, पण धड काम करणारा कुणी मिळत नाही. तर ही लगेच — "त्यात काय एवढं? घरात सीएनसी इंजिनिअर आहे की. रिटायर होऊन रिकामेच बसलेत. मशीन घरीच बनवतील आणि पाटी कोरून देतील." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला मान हलवली, ती होकार म्हणून धरली गेली.

इथे लिहून ठेवतो, कारण बोलायची सोय नाही. मी इंजिनिअर नाही. एकोणतीस वर्षं कारखान्यात सहा नंबरच्या सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने आपोआप कापणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होतो. तुकडा पकडीत बसवायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. झाला की काढायचा, पुसायचा, दुसरा लावायचा. मशीनने काय कापायचं ते काचेपलीकडच्या खोलीतली माणसं ठरवायची. ही मात्र लग्न झाल्यापासून सगळ्यांना 'इंजिनिअर' सांगत आली आणि मी कधी दुरुस्ती केली नाही. लेकीचं लग्न ठरतानाही तेच सांगितलं गेलं. आता पाटी झाली नाही तर सगळं उघडं पडणार. माझं काय, मी घरी बसेन. लेकीला तिथे नांदायचंय.

९ जानेवारी

बजेट ठरलं. हिनेच ठरवलं — जुनी स्कूटर विकून जे येईल ते. गिऱ्हाईक आलं, स्कूटर बघून हसलं, घेऊन गेलं. म्हणजे बजेट हसण्यावारी गेलं.

११ जानेवारी

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक माणूस अकरा मिनिटांत मशीन बनवतो. तेवढ्यात त्याचा शर्ट तीनदा बदलतो आणि दाढी वाढते.

१४ जानेवारी, रविवार

व्याही आले. मशीन बघायला. म्हटलं, अजून बघण्यासारखं काही नाही. "मग सुरुवातीपासून बघता येईल," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. वजन-मापं खात्यातून निवृत्त झालेत. खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी असते. दोन तास बसले. मी दोन तास प्लायवुडचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा मोजला. शेवटी म्हणाले, "मोजणी मात्र तुमची काटेकोर दिसते."

१७ जानेवारी

आज पहिला भाग पुरा झाला — हिरवं बटण. डबीत छान बसलंय. मागे वायर नाही, कारण मागे जोडायला मशीन नाही. पण सुरुवात आपल्याला येतं तिथून करावी.

२० जानेवारी

मोटर सरकायला रूळ लागतात. चांगले रूळ स्कूटरच्या बजेटबाहेरचे. व्हिडिओतला माणूस ड्रॉवरचे चॅनेल वापरतो. आमच्या ओट्याखाली तीन ड्रॉवर आहेत. होते. चमचे आता बादलीत. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२८ जानेवारी, रविवार

मशीन हललं! तीन मोटर, आटे पाडलेले लांब रॉड, सुताराकडून अर्ध्या किमतीत घेतलेला लाकूड कोरायचा ट्रिमर, लेकीचा जुना लॅपटॉप — सगळं एकदम जिवंत झालं. डोळ्यांत पाणी आलं. लाकडाचा भुसा गेला असावा.

व्याही होतेच. म्हणाले, शंभर मिलिमीटरचा चौकोन काढून दाखवा. काढला. त्यांनी पट्टी लावली. सव्वाशे. पुन्हा काढला. पुन्हा सव्वाशे. वजन-मापं खात्याच्या माणसासमोर शंभराचे सव्वाशे! पट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "जास्त दिलं तर कायद्याने गुन्हा नाही. कमी द्यायचं नाही."

३१ जानेवारी

तीन दिवस सगळं उघडलं, आवळलं, पुन्हा उघडलं. सव्वाशेच. खरा इंजिनिअर असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं. ही येऊन विचारते, "काही अडलंय का?" म्हटलं, "छे. ट्रायल चालू आहेत."

२ फेब्रुवारी

शेवटी गेलो कारखान्याच्या गेटवर. काचेपलीकडच्या खोलीत एक बाई बसायच्या, सगळ्या मशीनचे प्रोग्राम त्या लिहायच्या. नऊ वर्षं रोज दिसायच्या, एक शब्द बोललो नव्हतो. चहाच्या सुट्टीत बाहेर आल्या. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून निघालं — "मॅडम, मला यातलं काही येत नाही." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

मग शंभराच्या सव्वाशेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सहा नंबरवाले ना? रॉडच्या एका फेऱ्याला मशीन किती सरकतं, मोजलंत?" मी एक मिलिमीटर धरलं होतं. "मोजा. सव्वा भरेल."

मग जाता जाता — "तुमच्या मशीनवर कधी टूल तुटायचं नाही. बाकी सगळीकडे तुटायचं. प्रोग्राम तर सगळीकडे माझेच. तुम्ही वेगाचं बटण फिरवायचात ना?"

फिरवायचो. परवानगी नव्हती. पण कापताना आवाज पातळ व्हायला लागला की कळायचं, आता टूल, म्हणजे कापणारं पातं, रडतंय. मग वेग थोडा खाली घ्यायचो. चोरून. पकडलं तर मेमो मिळेल म्हणून घरीसुद्धा सांगितलं नाही.

"आम्हाला माहीत होतं," म्हणाल्या. "म्हणून तर अवघड कामं तुमच्याकडे पाठवायचो."

घरी येताना तंद्रीत बसचे दोन थांबे पुढे गेलो.

४ फेब्रुवारी, रविवार

सव्वा भरलं. चौकोन शंभराचा आला. व्याह्यांनी चारही बाजू मोजल्या, मग दोन्ही कर्ण मोजले, मग चष्मा पुसून पुन्हा मोजले. "पास," म्हणाले. कुणी मला पास म्हटल्याला चाळीसेक वर्षं झाली असतील.

१३ फेब्रुवारी

अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या येतात. ड्रॉवरचे चॅनेल डुगडुगतात. चमचे सांभाळायला केलेले, त्यांचा दोष नाही.

१६ फेब्रुवारी

आज पडद्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटून बसलो आणि ऐकत राहिलो. आवाज फाटला की वेग खाली, भरला की वर. वेगाच्या बटणावर बोट आपोआप फिरत होतं. कडा साफ आल्या. तिथेच जमिनीवर बसून राहिलो. हे मला येत होतं. कधीपासून येत होतं.

२३ फेब्रुवारी

पाटी झाली. चार नावं — व्याही, विहीणबाई, जावई, आणि शेवटी आमची लेक. तिच्या नावाच्या वेलांटीला सगळ्यात जास्त वेळ दिला. बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

२५ फेब्रुवारी, रविवार

नव्या घरी चिक्कार माणसं. पाटीपुढे उभे राहून व्याही जो येईल त्याला सांगत होते, "आमच्या व्याह्यांचं काम. सीएनसी इंजिनिअर आहेत." पहिल्या दोघांना मी हसून मान हलवली. तिसऱ्याला नाही जमलं. म्हणालो, "इंजिनिअर नाही. ऑपरेटर होतो. तुकडा लावायचा आणि बटण दाबायचं."

लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही.

व्याही म्हणाले, "पाटी कुणी कोरली?"

"मी."

"मशीन कुणी बनवलं?"

"मीच. तुमच्यासमोर."

"मग झालं तर. मी मोजलंय ते." आणि पुढच्या पाहुण्याला सांगायला लागले, "आमच्या व्याह्यांचं काम. ऑपरेटर होते."

लेक सरबताचा ग्लास देऊन गेली. जाताना खांद्यावर हात ठेवला. ही मात्र परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. सगळ्यांसमोर मी तिला खोटं पाडलं. फार वाईट वाटतंय.

२६ फेब्रुवारी

सकाळी माफी मागितली. ही शांतपणे म्हणाली, "मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. फोरमनने माझ्या वडिलांना सांगितलं होतं — माणूस सरळ आहे, बटण दाबतो, बाकी काही येत नाही." मग सगळ्यांना इंजिनिअर का सांगत सुटलीस? "म्हटलं, लाजेकाजेस्तव तरी कधी शिकाल. एकोणतीस वर्षं लागली."

राग यायला हवा होता. आला नाही. मग आठवलं — काल निघताना ही विहीणबाईंच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. काय सांगत होतीस?

"हेच, की तुम्ही स्वयंपाक फार सुंदर करता. रविवारी सगळे जेवायला येताहेत."