हत्ती की राणीसाहेब

सोमवार, ४ सप्टेंबर

आज हत्तीत बसले! शोरूममधली ती काळी, अवाढव्य गाडी. खरं नाव लांबलचक आणि परदेशी आहे, मी आपलं हत्ती ठेवलंय. काचेचं छत, सात जणांची ऐसपैस जागा, टायर माझ्या कमरेपर्यंत. सेल्समन म्हणाला, "मॅडम, चालवून तर बघा." किल्ली घेतली, ऐटीत निघाले — आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले! पट्टासुद्धा लावला. तो बिचारा बाहेर उभा. "मॅडम... स्टिअरिंग पलीकडे आहे." सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय, आणि ही तऱ्हा!

मग चालवली. काय ताकद आहे! पाय नुसता टेकवला की उसळते. चढावर थांबवली, पुन्हा उचलली, विद्यार्थ्यांकडून करून घेते अगदी तश्शी. इंचभरही मागे आली नाही. लेक कमावती झाली, पैसे केव्हाचे बाजूला पडलेत. आता घ्यायचीच.

बुधवार, ६ सप्टेंबर

राणीसाहेब बघितली! पांढरी, दुसऱ्या शोरूममधली. हत्तीपेक्षा जरा बुटकी, पण थाट काय विचारता! सीट पाठ चेपून देते — खरंच! खड्डे कुठे आले नि कुठे गेले, कळलंच नाही.

तिथली मुलगी आधी स्वतः चालवून दाखवत होती. सिग्नलला पुढची बस थांबली आणि मी दाणकन पाय आपटला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्याची सवय! इथे नुसतं कार्पेट. "मॅडम, काही चावलं का?" हसून हसून पुरेवाट झाली. अर्ध्या तासात नऊ वेळा आपटला.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. आरसे, ब्रेक, वळण, मागचा कॅमेरा. म्हणाली, "आई, तू गाडी घेतेयस की गाडीची परीक्षा?"

गुरुवार, ७ सप्टेंबर

हत्ती. ठरलं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

छे! हत्ती आपल्या गल्लीत एका दमात वळणारच नाही. राणीसाहेब. पण ती ताकद... हत्ती?

रविवार, १० सप्टेंबर

आज ह्यांना दोन्ही गाड्या दाखवल्या. नेहमीप्रमाणे मागे बसले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा माणूस, पण गाडीत बसला की तोंडातून शब्द नाही.

त्याला कारण मीच. एकोणीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने ह्यांना शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली आणि मी किंचाळले — "अहो, क्लच! क्लच!! डोकं कुठे ठेवून आलात?" मागे दोन शिकाऊ मुली बसलेल्या. हे शांतपणे उतरले आणि चालत घरी गेले. त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. मीही माफी मागितली नाही. शिकवणाऱ्याने माफी मागायची नसते असं वाटायचं तेव्हा. मूर्ख होते.

आज इथे कबूल करते. एवढी मोठी गाडी मला चालवायला नकोच आहे. चालवणं रोजचंच. मला बाजूला बसायचंय, शिकवायला नाही, नुसतं बसायला. आणि चालवणारे हेच हवेत. पण हे कुठल्या तोंडाने सांगू?

परतताना हे एकदम म्हणाले, "हत्ती नको. वळताना पुढच्या काचेकडेचा खांब नजरेच्या आड येतो, रस्ता दिसत नाही." मी बघतच राहिले. हे सुचायला माणसाने स्टिअरिंगमागे बसलेलं असावं लागतं!

मंगळवार, १२ सप्टेंबर

उलगडा झाला! माझ्याकडे शिकायला येणारी नर्स आज सहज म्हणाली, "मॅडम, सर चौकातल्या स्कूलमध्ये का शिकतात? रोज सकाळी दिसतात मला."

चौकातलं स्कूल! ते चालवणारा माझाच जुना विद्यार्थी, माझ्याच नाकासमोर पाटी लावून बसलेला! आणि माझा नवरा त्याच्याकडे! अंगाचा नुसता तिळपापड झालाय. उद्या बघतेच.

बुधवार, १३ सप्टेंबर

हे सकाळी "फिरायला" निघाले, मी मागोमाग. मैदानाजवळच्या बेकरीच्या आडोशाला उभी राहिले. कडाकडा भांडायचं ठरवूनच गेले होते.

हे दोन खांबांच्या मधे गाडी मागे घेत होते. आरसा, मान, आरसा, मान. सावकाश. एकदाही धक्का नाही! इकडे माझा पाय फूटपाथ दाबून दाबून दुखायला लागला. आणि तो शिकवणारा बाजूला बसून गप्प! चक्क गप्प! हे मला सव्वीस वर्षांत जमलेलं नाही.

न भांडता घरी आले. आधी रडले, मग एकटीच हसत बसले. इतका आनंद झाला की चहा दोनदा उतू गेला.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सांगून टाकलं. "अहो, त्या दिवशी चौकात मी ओरडायला नको होतं. चुकलं माझं."

कुठला दिवस, हेही विचारलं नाही. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "क्लच मी खरंच लवकर सोडला होता." आणि खिशातून लायसन्स काढून माझ्यासमोर ठेवलं! कालच परीक्षा पास झालेत!!

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्याकडे शिकलो असतो तर लायसन्स मिळालं असतं, संसार राहिला नसता."

फोन उचलला आणि राणीसाहेब पक्की केली. ब्रेक मऊ आहे, खांब आड येत नाही. ज्यांना चालवायचीये त्यांना आवडली, आणखी काय पाहिजे!

शनिवार, २३ सप्टेंबर

आली!!! अख्खी गल्ली गॅलऱ्यांत उभी. लेक फोनवरून नुसती ओरडत होती, "आतून दाखव! ती पाठ चेपणारी सीट दाखव!" मी तीन वेळा पुसली, हे म्हणाले रंग जाईल.

उद्या धरणापर्यंत जायचं, दोघंच. हे चालवणार. तोंड उघडणार नाही असा शब्द दिलाय मी. काळजी आहेच. त्यांच्या चालवण्याची नाही, माझ्या तोंडाची.

रविवार, २४ सप्टेंबर

साठ किलोमीटर ह्यांनी चालवली. रस्ता कसा होता, गाडी कशी धावली, काहीच लिहिता येत नाही. मला झोप लागली होती.