दुसरा भाग चुलीत घाल

लंडन, मार्च १७४९

लाडक्या डॉर्कसताई,

माझा खोकला कमी आहे, खोलीही उबदार आहे. आईला तेवढंच सांग.

बाबा जेवणानंतर तुम्हाला वाचून दाखवतात ती निनावी कादंबरी माझी आहे. छापणारा म्हणाला, "बाई, बनवाबनवी नको, लोकांना खऱ्या पोरीची खरी पत्रं हवीत." मी नावं बदलून तुझीच पत्रं दिली. तीन आठवडे तुझी ओळ नाही, म्हणजे तू ओळखलंस.

दुसऱ्या भागात बाबांना ठाऊक नसलेलं तुझं बाळ आहे, आणि आपल्या पाणचक्कीचं नाव बदलायचं राहून गेलं! शनिवारच्या घोडागाडीने तो येईल. पाया पडते, त्यांच्या हाती लागण्याआधी चुलीत घाल.

आई लिहिते, त्या पोरीसाठी बाबा डोळे पुसतात. ती आपलीच आहे हे कळल्यावरही पुसतील का गं?

तुझी करंटी बहीण,
थॉमसिन